बसलेलं बदक कोरीव, उडालेलं धुरकट: बिघाड नेमका कुठे आहे?

तळ्यावरच्या बदकांचे फोटो हललेले येतात, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी सेटिंग विचारत नाही. मी म्हणते, फोटो मोठा करा आणि पंखांवरून उडालेले पाण्याचे थेंब दाखवा. थेंबांच्या रेघा झाल्या असतील तर भानगड वेगाची आहे. थेंबांच्या गोल चकत्या झाल्या असतील तर फोकस चुकलाय. आणि थेंब न् थेंब वेगळा मोजता येतोय पण बदक मात्र मऊ, म्हणजे अस्पष्ट आहे, तर कॅमेऱ्याने बदक सोडून थेंबांवरच फोकस धरलाय. निम्मा निकाल इथेच लागतो.

मी स्वतः पहिलं अख्खं वर्ष लेन्सला बोल लावण्यात घालवलं. लेन्स ठणठणीत होती. तिच्यावर चढवलेला स्वस्त फिल्टर, सिंगलवर (एकदाच लागून थांबणाऱ्या मोडवर) राहिलेला फोकस आणि माझी बसायची जागा, दोष या तिघांचा होता. पुढे इतरांचे फोटो तपासायला लागले, तेव्हा बहुतेकांचं घोडं अशाच चार-पाच ठिकाणी अडलेलं दिसलं. म्हणून खालच्या तपासण्या फुकटापासून खर्चिकापर्यंत अशा क्रमाने लावल्या आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि फोटो सुधारला, तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि महिन्याभराने पुन्हा येरे माझ्या मागल्या.

आधी लक्षणं

फोटो कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर तपासू नका. तिथे सगळंच छान दिसतं. कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करा. बदकाचा डोळा बघा, मग त्याच्या पुढच्या-मागच्या लाटा, मग काठावरचं गवत.

- बदक मऊ, पण मागचं गवत किंवा पुढच्या लाटा शार्प: फोकस दुसरीकडे गेला.
- डोळ्यातली चमक ठिपक्याऐवजी रेघ झाली आहे, मागचं गवत मात्र जागच्या जागी: बदक हललं, शटर मंद होता, म्हणजे जास्त वेळ उघडा राहिला.
- बदक, गवत, पाणी सगळ्यावर एकाच दिशेच्या रेघा: कॅमेरा हलला.
- पहिली फ्रेम शार्प, पुढची प्रत्येक आधीपेक्षा मऊ: फोकस एकदाच लागला आणि तिथेच थांबला.
- फ्रेममध्ये कुठेच काही शार्प नाही, कडा थरथरल्यासारख्या: काच मळलेली किंवा मधली हवा तापलेली.
- पंख मधूनच वाकल्यासारखा, काठावरची उभी काठी तिरकी: इलेक्ट्रॉनिक शटर.
- चोच निमुळती आणि स्वच्छ, शेपूट मऊ (किंवा उलट): फोकसची खोली, म्हणजे शार्प दिसणारा पट्टा, पुरली नाही.
- डोकं आणि अंग कोरीव, फक्त पंखांची टोकं विरलेली: हा बिघाडच नाही.

शेवटच्या लक्षणाबद्दल जरा थांबते, कारण लोक यासाठीच सर्वांत जास्त हळहळतात. पंखांची टोकं थोडी विरली तर बदक उडतंय असं वाटतं. सगळंच गोठवलं की कधीकधी ते दोरीने टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. डोळा शार्प आहे ना? मग फोटो ठेवा.

काच आणि फिल्टर

दोन मिनिटांचं काम, पण ते सोडून लोक थेट मेनूत शिरतात. लेन्सची पुढची काच उजेडाकडे तिरकी धरून बघा. बोटाचा ठसा असेल तर फोटोतला काळा रंग राखाडी होतो आणि बारीक पिसं एकमेकांत मिसळतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा. धुळीसकट घासलं तर ओरखडे पडतात.

यूव्ही फिल्टर लावला असेल तर काढून दहा फोटो घ्या. लांब पल्ल्याच्या लेन्सवर सुमार काचेचा फिल्टर अख्खा फोटो मऊ करू शकतो. पोलरायझर लावला असेल तर तोही काढा. पाण्यावरची चकाकी तो कमी करतो हे खरं, पण त्या बदल्यात एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि उडत्या पक्ष्यासाठी तेवढा उजेड सोन्याच्या मोलाचा असतो. थंड खोलीतून किंवा गाडीतून दमट हवेत आलात तर काचेवर बाष्प धरतं. ते पुसत बसू नका. कॅमेरा बॅगेतच ठेवून बाहेरच्या हवेशी जुळू द्या.

जागा, वारा आणि तापलेली हवा

वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय मी आता बसतच नाही. बदकं वाऱ्याकडे तोंड करून झेपावतात आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात, कारण समोरून येणाऱ्या हवेमुळे कमी वेगातही पंखांना पुरेसा उठाव मिळतो. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्षी तुमच्या दिशेने येतील. वारा तोंडावर असेल तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतील, मग कॅमेरा कितीही भारी असो. सूर्यही पाठीमागे हवा. वारा आणि सूर्य दोन्ही एकाच बाजूला मिळाले की त्या दिवशी बाकीचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

तापलेल्या हवेचा दोष ओळखायची युक्ती सोपी आहे. पाण्यावर निवांत झोपलेल्या लांबच्या बदकाचे सलग दहा फोटो घ्या. बदक हलत नाही, तरी एक फ्रेम शार्प, दुसरी मऊ, तिसरीत कड वेडीवाकडी, असं दिसलं तर मधली हवा उजेडाला वाकवते आहे. हे फक्त कडक उन्हातच होतं असं नाही. थंडीच्या पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं तेव्हाही होतं. गाडीच्या उघड्या काचेतून फोटो काढताना आतली गरम हवा बाहेर पडते, तेव्हाही होतं. शटर वाढवून हा दोष जात नाही, नवीन लेन्स घेऊनही जात नाही. अंतर कमी करणं किंवा दुसऱ्या वेळी येणं, एवढेच उपाय.

बदक आता काय करणार, हे कळतंय का?

ही तपासणी कॅमेऱ्याच्या कुठल्याच मेनूत सापडत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक हीच पाडते. ज्यांच्या फोटोत बदक अर्धं फ्रेमबाहेर असतं, किंवा उडाल्यानंतरची दुसरी-तिसरी फ्रेम शार्प येते, त्यांचा हात मंद नसतो. त्यांना खूण माहीत नसते.

उडण्याआधी बदकं शांत राहत नाहीत. माना उंचावतात, डोकी वर-खाली किंवा झटक्याने हलवायला लागतात, आणि एकेक करून वाऱ्याकडे तोंड वळवतात. हे दिसलं की कॅमेरा डोळ्याला लावा, फोकस धरून ठेवा, शटरवर बोट ठेवा. पुढे काय होईल ते जातीवर अवलंबून आहे. मॅलार्ड, थापट्या, तलवार बदक यांसारखी वरच्यावर चरणारी बदकं पाण्यावरून जवळजवळ सरळ वर झेपावतात, म्हणून फ्रेममध्ये वरच्या बाजूला जागा सोडा. शेंडी बदक, लालसरी यांसारखी बुड्या मारणारी बदकं आधी पाण्यावरून पाय आपटत धावतात. त्यांच्यासाठी जागा पुढे सोडायची. त्या धावण्यात फोकस पकडायला तुम्हाला पुरेसा वेळही मिळतो.

नवशिक्यांनी उडण्याच्या नादी न लागता आंघोळीपासून सुरुवात करावी. बदक डोकं बुडवून पाठीवर पाणी घ्यायला लागलं, की थोड्या वेळाने ते हमखास पाण्यात उभं राहिल्यासारखं उंच होऊन पंख झाडतं. तेही एकाच जागी! फोकसचं अंतर फारसं बदलत नाही, थेंब उडतात, पंख पूर्ण उघडतात. सराव यावर करा. एकदा डोकं बुडवताना दिसलं की मी दुसऱ्या बदकाकडे बघतही नाही.

आणि एक अपवाद. विणीचा हंगाम सरल्यावर बदकं उड्डाणाची सगळी पिसं एकदम गाळतात आणि साधारण तीन-चार आठवडे उडूच शकत नाहीत. नरांचा रंगही तेव्हा मादीसारखा मळखाऊ होतो. त्या दिवसांत उडतानाचा फोटो मिळत नसेल तर तो तुमचा दोष नाही.

शटर: वेग किती आणि तो का पुरत नाही

उडतं बदक ताशी ६० किलोमीटरचा वेग सहज गाठतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. १/५०० सेकंदाचा शटर उघडा असेपर्यंत ते सुमारे ३३ मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. ४०० मिलिमीटरची लेन्स, २० मीटर अंतर आणि २४ मेगापिक्सलचा फुलफ्रेम (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरचा) कॅमेरा धरला, तर फोटोत ही रेघ शंभराहून जास्त पिक्सलची होते. १/२००० ला ती २८ पिक्सलच्या आसपास येते. म्हणजे कॅमेरा एका जागी धरून ठेवला तर १/२००० सुद्धा पुरत नाही. लोक इथे चकतात. शटर वाढवला तरी मऊच येतंय म्हणतात आणि दुकानाचा रस्ता धरतात.

उरलेलं काम कॅमेरा पक्ष्याबरोबर वळवून करायचं असतं. पक्षी जिथे पोहोचेल त्या दिशेला पाय रोवा आणि शरीर कंबरेतून त्याच्याकडे वळवून सुरुवात करा. मग तो पुढे सरकेल तसे तुम्ही उलगडत जाल. पाय पक्ष्याकडे रोवले तर ऐन वेळी कंबर अडते आणि कॅमेऱ्याला झटका बसतो. बटण दाबल्यावरही वळत राहा. बर्स्ट (बटण दाबून ठेवल्यावर निघणारी सलग फोटोंची माळ) संपला म्हणून थांबलात तर शेवटच्या फ्रेम हललेल्या निघतात. सवय होईपर्यंत रस्त्यावरच्या सायकलींवर सराव करा. हसतील लोक, हसू द्या.

मात्र पंखाचं टोक अंगापेक्षा वेगळ्याच दिशेला जात असतं, त्यामुळे कॅमेरा कितीही सुबक वळवला तरी ते वाचत नाही. पंख गोठवायचे असतील तर शटरच हवा. माझे आकडे असे: पोहणाऱ्या बदकाला १/५०० ते १/८००, पंख झाडणाऱ्याला १/१६०० च्या पुढे, झेपावणाऱ्या किंवा उतरणाऱ्याला १/२५०० ते १/३२००. पोहणारं बदक सेकंदाला अर्धा मीटर वगैरे जातं. वरच्याच हिशोबाने १/५०० ला रेघ तीन-चार पिक्सलची पडते, ती डोळ्याला टोचत नाही.

बर्स्टबद्दल एक गंमत. मॅलार्डएवढं बदक सेकंदाला आठ-दहा वेळा पंख मारतं. तुमचा बर्स्टही सेकंदाला दहा फ्रेमचा असला आणि दोघांचा ताल जुळला, तर सलग सगळ्या फ्रेममध्ये पंख खालीच दिसतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. बर्स्टचा वेग एक पायरी वर किंवा खाली करा.

फोकस

मोड आधी बघा. सिंगलवर असेल तर कॅमेरा एकदा अंतर ठरवतो आणि हात झटकतो. बदक तुमच्याकडे येत असेल तर पुढच्या क्षणी ते त्या अंतरावर नसतंच. सतत फोकस हवा. काही कॅमेऱ्यांवर तो एएफ-सी नावाने असतो, कॅननवर सर्व्हो. पहिली फ्रेम शार्प आणि पुढच्या मऊ हे लक्षण असेल तर इथेच थांबा, दोष सापडला.

मग फोकसचं क्षेत्र. अख्खी फ्रेम कॅमेऱ्याच्या हवाली केली तर तो हटकून चमकत्या लाटांवर जातो, कारण ऑटोफोकसला ठळक उजेड-अंधार आवडतो आणि तळ्यात तो लाटांवर सर्वांत जास्त असतो. बदकाचं तपकिरी अंग त्यापुढे फिकं पडतं. पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू करा आणि सोबत क्षेत्र मध्यम ठेवा. सोय नसेल तर मधल्या बिंदूभोवतीचा छोटा गट. एकच बिंदू अचूक असतो, पण उडत्या बदकावर तो टिकवणं भल्याभल्यांना जमत नाही.

गवताआडून बदक गेलं की फोकस गवतावर अडकत असेल, तर ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा. म्हणजे मध्ये काही आडवं आलं तरी कॅमेरा जरा धीर धरतो. आणि लेन्सवरचा अंतराचा स्विच बघा. तो पूर्ण पल्ल्यावर असेल तर फोकस सुटल्यावर लेन्स अगदी जवळपासून शोध सुरू करते आणि तोवर बदक पलीकडच्या काठाला पोहोचलेलं असतं.

चोच शार्प आणि शेपूट मऊ असेल तर हिशोब असा: फुलफ्रेमवर ४०० मिलिमीटर, एफ/५.६ (अॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तर छिद्र लहान आणि पट्टा मोठा) आणि १० मीटर अंतर असताना शार्प दिसणारा पट्टा जेमतेम २० सेंटीमीटरचा असतो. मॅलार्ड अर्ध्या मीटरहून लांब. ते तुमच्याकडे तोंड करून असेल तर अख्खं मावणार नाहीच. एफ/८ वर जा, किंवा बदक आडवं होईपर्यंत थांबा, किंवा डोळ्यावर समाधान माना. मी बहुतेक वेळा तिसरा मार्ग घेते.

उजेड

फोटोत दिसणाऱ्या दाण्यांना (नॉइज) भिऊन आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, खाली ठेवणं, ही हललेल्या फोटोंची मूळ चूक. दाणे सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी जातात, हललेलं बदक कशानेच सरळ होत नाही. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अॅपर्चर तुम्ही ठरवा, आयएसओ ऑटोवर सोडा.

पांढरं बदक गडद पाण्यावर असेल तर कॅमेरा फसून फोटो जास्त उजळ करतो आणि पिसं सपाट होतात. एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप खाली आणा. गडद बदक चकाकत्या पाण्यावर असेल तर उलटं करा.

स्टॅबिलायझर आणि इलेक्ट्रॉनिक शटर

कॅमेरा वळवताना स्टॅबिलायझर (हाताची थरथर भरून काढणारी सोय) साध्या मोडवर असेल तर तो तुमचं वळणंही थरथर समजून रोखायला बघतो. पॅनिंगचा मोड असेल तर तो लावा, नसेल तर १/२००० च्या वर स्टॅबिलायझर बंद करून तुलना करा. पंख वाकडा दिसत असेल तर मेकॅनिकल शटरवर या. बऱ्याच कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात पंख जागा बदलतो.

शेवटची तपासणी घरी

इथवर येऊनही फोटो मऊच असतील, तर बदकं बाजूला ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, स्टॅबिलायझर बंद करा, भिंतीवर बारीक छपाईचा कागद सपाट चिकटवा आणि दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो घ्या. आरसा असलेला कॅमेरा असेल तर पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि पाच लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर बघून). लाइव्ह व्ह्यूचे शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ आले, तर फोकसची जुळणी सरकली आहे. मेनूत सूक्ष्म जुळणीची सोय असेल तर ती घरी करता येते. सगळेच मऊ आले, किंवा फोटोची एक बाजू शार्प आणि दुसरी मऊ आली, तर लेन्सच्या आतली काच सरकलेली असू शकते.

इथे हात थांबवा

आतली काच सरकली असेल तर लेन्स स्वतः उघडू नका. काचा एकमेकींशी इतक्या बारकाईने जुळवलेल्या असतात की घरच्या स्क्रू ड्रायव्हरने त्या पुन्हा जागेवर येत नाहीत. लेन्समधून टॉर्चचा झोत टाकल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. तेही सर्व्हिस सेंटरचं काम. फोकस करताना लेन्समधून खरखर किंवा अडखळल्याचा आवाज येत असेल तर वापर तिथेच बंद करा.

कॅमेरा पाण्यात पडला तर तो चालतोय का, हे बघायचा मोह सर्वांत घातक. चालू करू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, बाहेरून पुसा, हेअर ड्रायर लावू नका, आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या.

बदकांच्या बाबतीतही थांबण्याची वेळ असते. तुम्हाला बघून सगळ्या माना ताठ झाल्या, पोहण्याची दिशा बदलली, की मागे सरका. ती उडावीत म्हणून खडा मारायचा नाही, टाळी वाजवायची नाही. पिल्लं असतील किंवा पिसं गळण्याचे दिवस असतील तर आणखी लांब राहा. काठ निसरडा असेल तर एकट्याने पाण्याच्या कडेला पालथं पडून फोटो काढू नका. गाळात पाय रुतला की कॅमेऱ्यासकट बाहेर येणं अवघड असतं.

दुरुस्तीला जाताना लेन्स एकटी देऊ नका, बॉडीही सोबत द्या, कारण जुळणी दोघांची मिळून तपासावी लागते. घरच्या चाचणीचे मूळ फोटो, काटछाट न केलेले, कार्डवर घेऊन जा. 'फोटो मऊ येतात' एवढंच सांगितलंत तर वस्तू पुसून परत मिळण्याची शक्यता असते. 'लाइव्ह व्ह्यूला शार्प, व्ह्यूफाइंडरला मऊ' असं सांगितलंत की त्यांना कुठे हात घालायचा ते कळतं.